रजियाने परत केलेलं नेमणूकपत्र

रजिया आणि मी १९९३ साली एकाच वर्गातून बी.एस्सी. झालो. मी वडीगोद्रीचा, ती जुन्या जालन्यातली. तिचे वडील अजमतचाचा शिंपीकाम करायचे. त्यांच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. वनस्पतिशास्त्रात तिचा पहिला नंबर आला, माझा नववा.

पुढच्या मार्चमध्ये जालन्यातल्या एका बियाणे कंपनीने आम्हा दोघांना प्रयोगशाळेत घेतलं. पेरलेल्या शंभर दाण्यांतले किती उगवले, हे मोजायचं काम. नेमणूकपत्रं मिळाली तशी मी माझं व्हरांड्यातच फोडलं आणि खुशीत पगाराचा आकडा मोठ्याने वाचला, "पंधराशे."

रजियाने आपला कागद माझ्यापुढे धरला. तिच्या पत्रात अकराशे होते.

"बद्रीनाथभाऊ, काम तर एकच आहे न?"

"एकच," मी म्हणालो आणि ओशाळलो.

ती तडक व्यवस्थापक अण्णासाहेबांकडे गेली. दार उघडं होतं, मी बाहेरून ऐकत होतो. अण्णासाहेब तसे भले माणूस. ते समजावू लागले, "पोरी, त्याला उद्या घर चालवायचंय. तुझं लग्न होईल. अकराशे काही कमी न्हाईत."

"मंग साहेब, मी दाणे कमी मोजायचे का?"

अण्णासाहेब समोरचे कागद चाळू लागले. तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि ती निघून आली. मी मात्र तिच्या बाजूने एक शब्द बोललो नाही.

संध्याकाळी मी घाबरतच तिच्या घरी गेलो. अजमतचाचा मशीनवर होते, ती शेजारी काजं करत होती. त्या घराला अकराशेचीही गरज होती. चाचा म्हणाले, "बाईचा झंपर हाय म्हणून मी शिलाई कमी घेत न्हाई. बराबर केलं पोरीनं."

एप्रिलमध्ये खरिपाच्या बियाण्याचे नमुने येऊन पडले. घाईत माझी मोजणी चुकली आणि कपाशीचं चांगलं बियाणं नापास ठरलं. दुबार तपासणीत ते उघडकीला आलं. अण्णासाहेबांनी बोलावलं तेव्हा मी चूक कबूल केली, आणि महिनाभर मनात राहिलेलं बोललो, "साहेब, ह्या कामात रजिया माझ्यापेक्षा हुशार आहे. तिला कमी पगार द्यायचं काही कारण न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः स्कूटरवरून अजमतचाचांच्या घरी गेले. नव्या पत्रात पंधराशे होते. रजियाने ते दोनदा वाचलं, सही केली आणि एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

२००३ साली ती प्रयोगशाळेची प्रमुख झाली आणि मी तिच्या हाताखाली आलो. नव्या पदवीधरांच्या भरतीच्या जाहिरातीत सुरुवातीचा पगार छापायचा, मुलगा-मुलगी सगळ्यांना एकच, हे तिने पहिल्याच महिन्यात मंजूर करून घेतलं. त्या वर्षी आष्टीहून एक मुलगी नोकरीला आली, सोबत आई चतुराबाई.

"पगार पोरांइतकाच देता का?" चतुराबाईंनी मला दारातच विचारलं.

"बिलकुल," मी म्हणालो. त्यांना आत नेलं आणि रजियाकडे हात करून सांगितलं, "ह्या आमच्या साहेब." हे सांगताना माझी मान जरा ताठच झाली.