इटालीची पंगत

सत्यभामाबाईंच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. अकोल्यापासून दोन कोसांवर, मोर्णेकाठी, त्यांचं काळ्या मातीचं शेत होतं. शिकलेल्या नव्हत्या, फिरलेल्या नव्हत्या. कौंडण्यपूरची जत्रा हेच त्यांनी पाहिलेलं जग. नेम मात्र एक होता. आपल्या पाटावर बसलेला माणूस उपाशी उठता कामा नये. सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या देवाकडे एवढंच मागत. बाकीचं मागणं त्यांचे यजमान चंद्रभानजी मागत, आणि ते पुष्कळ असे.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलाने जाऊ लागला. पैसा ठेवावा कुठे हे कळेना, म्हणून लोकांनी तो बैलांच्या अंगावर ठेवला. चंद्रभानजींनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आठ दिवसांत शेजारच्या वामनरावांनीही बसवल्या. मग चंद्रभानजींना असं काही करावंसं वाटू लागलं, की जे वामनरावांना सोनाराकडून करून आणता येणार नाही.

ते त्यांना मुंबईत सापडलं. कापूस घेऊन गेले असताना इटाली देशाच्या एका व्यापाऱ्याच्या बंगल्यावर ते दलालाची वाट पाहत ओसरीवर बसले होते. खिडकीतून आतलं जेवण दिसत होतं. एक पदार्थ यायचा, तो संपला की बशा उचलायच्या, मग दुसरा यायचा. असे सात. चंद्रभानजींनी आचाऱ्याला गाठून सगळं विचारून घेतलं. आधी पातळ कढण, मग मकरोनी, म्हणजे मिठाच्या शेवया, त्यावर नासवलेल्या दुधाचा कीस. पुढे भाज्या, शेवटी फळं. आणि मुख्य म्हणजे साहेब पाहुण्याला आग्रह करत नाही. 'घ्या, घ्या' करणं तिकडे अडाणीपणाचं समजतात.

खिडकीतून साहेबाची पाठ तेवढी दिसत होती. त्यामुळे पहिला घास साहेब स्वतः घेतो आणि मग बाकीचे चमचा उचलतात, हे मात्र पाहायचं राहून गेलं.

गावी येऊन त्यांनी पाच मित्रांना दुपारच्या जेवणाचं बोलावणं धाडलं. दूध नासवायला सत्यभामाबाईंनी साफ नकार दिला. आपोआप नासलं तरी जीव हळहळतो, मुद्दाम कुठून नासवू, म्हणाल्या. शेवटी खोबऱ्याच्या किसावर तडजोड झाली. शेवया मिठात उकडताना त्यांनी देवाची क्षमा मागून घेतली.

चंद्रभानजींनी एक मात्र बजावून ठेवलं. "आज तू बाहेर येऊन आग्रह केला, तं माही पत गेली समज."

पाहुणे आले. सगळ्यांत वडील नत्थुजी. ते अमरावतीहून दोन दिवस बैलांच्या दमणीत बसून आले होते. पाट मांडले, पत्रावळी टाकल्या, आणि चांदीच्या वाट्यांतून कढण आलं. पिवळं, पातळ, कोमट. नत्थुजींनी वाटीत पाहिलं. हळदीचं पाणी आहे असं समजून त्यांनी त्यात बोटं बुडवली, चोळली आणि उपरण्याला पुसली. वडील माणसाने केलं म्हटल्यावर बाकी चौघांनीही हात धुतले. वामनराव तर चूळ भरणार होते, पण थुंकायला जागा दिसली नाही.

चंद्रभानजींनी ओली बोटं पाहिली आणि त्यांना वाटलं, कढण पसंत पडलं. त्यांनी वाट्या उचलायला लावल्या आणि मकरोनी वाढायला सांगितली.

इथे सगळं थांबलं. आपल्याकडे पान पूर्ण वाढून होईपर्यंत, आणि घरधनी हात जोडून 'घ्या' म्हणेपर्यंत, कोणी अन्नाला बोट लावत नाही. पाहुणे दूध-गुळाची वाट पाहत बसले. चंद्रभानजी शेवया संपायची वाट पाहत उभे राहिले. आपल्या रीतीप्रमाणे ते पाहुण्यांबरोबर जेवायला बसले नव्हते, आणि इटालीच्या रीतीप्रमाणे तोंडाने काही म्हणत नव्हते. पाहुणे कापसाच्या भावाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, मग पुन्हा कापसाच्या भावाबद्दल बोलले. शेवया गार होऊन एकमेकींना चिकटल्या. ओसरीवरचं ऊन सरकत पाटापर्यंत आलं.

दाराआडून सत्यभामाबाई पाहत होत्या. नत्थुजींचं पोट आत-बाहेर होत होतं. त्या पाय पुढे टाकत आणि मागे घेत. नवऱ्याची पत एकीकडे, आणि बावीस वर्षं देवाकडे मागितलेलं एकीकडे. माळ हातात घेतली, पण नाव कुठे सुचतंय.

मग नत्थुजींनी गुडघ्यावर हात ठेवला. उठायचा बेत दिसला.

सत्यभामाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि वांग्याच्या भाजीचं पातेलं, भाकऱ्यांची टोपली, वरण, ठेचा, केळी, जे हाताशी लागलं ते घेऊन बाहेर आल्या. वडीलधाऱ्यांसमोर त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या. उरलेले पाचही पदार्थ त्यांनी प्रत्येकाच्या पानात एकदमच वाढले, शेवयांवर वरण ओतलं आणि हात जोडले.

"बसा जी भाऊजी. वाढणं झालं. घ्या."

पाच हात एकदम पानावर पडले. नत्थुजींनी सात भाकऱ्या खाल्ल्या. चंद्रभानजी खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांपुढून अख्खी इटाली वरणात बुडत होती. सत्यभामाबाई त्यांच्याकडे न पाहता वाढत राहिल्या.

जाताना नत्थुजींनी चंद्रभानजींच्या पाठीवर हात ठेवला. "रीत मोठी अवघड आहे बाप्पा त्या लोकायची. पण भूक कशी लागते ते त्यायलेच समजलं."

त्या दिवसापासून चंद्रभानजी हे सगळं असंच ठरलं होतं म्हणून सांगू लागले.

पंधरा दिवसांनी वामनरावांच्या घरच्या पार्वताबाई मागच्या दाराने आल्या. त्यांच्याकडेही इटालीची पंगत होती. हळदीचं पाणी कळलं होतं, शेवया कळल्या होत्या.

"पण बाई," त्यांनी हळूच विचारलं, "पाहुण्याले बसवून ठेवाचं किती वेळ? आन् 'घ्या' म्हनाले आपण बाहेर कवा याचं?"

सत्यभामाबाईंनी तांदूळ निवडायचं थांबवलं. यजमान ओसरीवर होते.

"आमच्याकडे जरा उशीरच झाला," त्या म्हणाल्या. "खरी रीत पाट मांडल्याबरोबर बाहेर याची आहे."