मंगलच्या बैठकीआधीचे शनिवार

आमच्या गटातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. शनिवारी काम संपतं, सतरंज्या गुंडाळून होतात, आणि जिला घरी जायची सगळ्यात जास्त घाई असते तीच दारात थांबून म्हणते, "कमलताई झोपली होती ते ह्या नवीन बाईला सांगितलं का?" मग सतरंज्या पुन्हा उलगडतात.

आमचा गट म्हणजे घरात मार खाल्लेल्या बायका. काही घर सोडून आल्यात, काही अजून त्याच घरात राहतात. नाशिकमधल्या एका कॉलनीतल्या बुद्ध विहाराचा हॉल आम्हाला शनिवारी दुपारी मिळतो. तिथे आम्ही चित्रं काढतो, नाचतो, नाटकातले खेळ खेळतो. "त्याने काय होतं?" हे मला जो तो विचारतो. मी नाटक शिकले, मग समाजकार्य शिकले, पण हे समजावून सांगण्याइतका धीर कुठल्याच कॉलेजात शिकवला नाही. म्हणून मी सरळ किस्से सांगते.

*

पहिल्या शनिवारी मी ब्लूटूथ स्पीकर, बासरीचं संगीत आणि भरपूर उत्साह घेऊन गेले. सगळ्यांना गोल उभं केलं. म्हटलं, डोळे मिटा, खांदे सैल सोडा, श्वासाकडे लक्ष द्या. मीही डोळे मिटले.

बासरी चालू होती. कोणी हलतंय असा आवाज येईना. मी हळूच एक डोळा उघडला. सगळ्याजणी टक्क डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

मी पुन्हा सांगितलं, घाबरू नका, इथे कोणी नाही, मिटा डोळे. कोणी मिटले नाहीत. शेवटी कमलताई पुढे आली. ती झेंडू पिकवते आणि पहाटे फुलबाजारात नेऊन विकते. नवऱ्याला घराबाहेर काढून स्वतः घरात राहिलेली आमच्यातली ती एकटीच. ती मला समजावणीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही मिटा ना मॅडम, बिनधास्त. आम्ही बघतोय."

तेव्हापासून आमच्याकडे कुणा एकीचेच डोळे मिटलेले असतात. बाकीच्या पहारा देतात. मी तर जवळजवळ दर शनिवारी नंबर लावते.

*

कमलताई झोपली तो किस्सा असा. जमिनीवर मोठा कागद अंथरायचा, एकीने त्यावर आडवं व्हायचं, दुसरीने खडूने तिच्या अंगाभोवती रेघ मारायची. मग त्या आकृतीत कुठे दुखतं, कुठे बरं वाटतं, ते रंगांनी भरायचं. मी त्यासाठी खूप तयारी केली होती.

कमलताई आडवी झाली आणि रेघ तिच्या कोपरापर्यंत पोचायच्या आत घोरायला लागली.

मी वैतागले. तिला उठवायला वाकले, तर सगळ्यांनी मिळून मला मागे ओढलं. मग अख्खा गट तिच्याभोवती चवड्यांवर चालत होता. पंखा तिच्याकडे वळवला गेला. कोणीतरी तिच्या पायांवर ओढणी टाकली. बाकीच्यांची चित्रं पूर्ण झाली, वाळली, भिंतीवर लागली.

कमलताई उठली, कागदावरची आपली अर्धी रेघ बघितली आणि म्हणाली, "हे लय भारी हाय. हे परत घ्या."

पुढच्या शनिवारी दोघी चादर घेऊन आल्या.

*

सुनंदाताई येवल्याची. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे पैठणीचा माग. लग्नानंतर सगळी वर्षं ती विणत राहिली, आता नाशिकला भावाकडे असते. एकदा मी म्हटलं, आज आपण आपल्या रागाचा रंग काढू. सगळ्यांनी लाल उचलला. काहींनी काळा. सुनंदाताई मात्र वाटीत रंग कालवत बसली. थोडा निळा, थोडा हिरवा, परत निळा. माझी तगमग चाललेली. बाकीच्यांचे कागद भरले आणि हिचा कोराच.

मी शेजारी बसून विचारलं, "सुनंदाताई, हा तर मोरपंखी झाला. राग असा असतो का?"

तिने ब्रश न थांबवता सांगितलं, "तुमचा नसंल. हा माझा हाय."

*

हॉलची किल्ली गांगुर्डे बाईंकडे असते. निवृत्त शिक्षिका, पांढरी साडी, करडी नजर. आम्ही असेपर्यंत त्या कोपऱ्यात खुर्चीवर पेपर वाचत बसतात. आमच्याकडे बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

एका शनिवारी आम्ही पाय आपटत होतो. जोरात पाय आपटायचा आणि स्वतःचं नाव घ्यायचं. फक्त स्वतःचं. नवऱ्याचं, बापाचं काही लावायचं नाही. आधी सगळ्या लाजल्या, मग खिडक्या हलायला लागल्या. गांगुर्डे बाईंनी पेपराची घडी केली, चष्मा काढला आणि ताड ताड आमच्याकडे आल्या. मला वाटलं, संपलं, आता हॉल गेला.

गोलाच्या कडेला येऊन त्यांनी विचारलं, "आधी डावा की उजवा?"

*

आता मंगल. ती नामपूरकडची, तिशीच्या आतली, नवऱ्याच्या घरातून निघून नाशिकला आलेली, चिऊ नावाची लहान मुलगी कडेवर. मंगल भिंतीच्या कडेकडेने चालायची. हॉलभर पसरून चालायचं म्हटलं तरी हिची वाट भिंतीला लागूनच. सुनंदाताईला ते सहन होईना. तिने एकदा प्लॅस्टिकच्या खुर्च्या भिंतीलगत रांगेने मांडून ठेवल्या, म्हणजे मंगलला मधे यावंच लागेल. मंगल आली, तिने खुर्च्या बघितल्या आणि खुर्च्या नि भिंत यांच्यामधल्या फटीतून चालायला लागली.

ते जमलं ते कमलताईला. ती एकदा उरलेल्या झेंडूचं गाठोडं घेऊन आली, हॉलच्या बरोबर मधे ओतलं आणि म्हणाली, संध्याकाळी माळा द्यायच्यात, कोणी हात लावील का? मंगल सगळ्यात आधी बसली. फुलं ओवता ओवता पहिल्यांदा बोलली. नवऱ्याने हात मोडला होता. माहेरच्यांनी बैठक बसवली. गावातले चार जाणते, दोन्हीकडचे पुरुष. बाई आत, दाराआड. बाहेर ठरलं की मुलगी परत नांदायला जाईल. ती गेली. मग दुसऱ्यांदा तेच झालं. आता तिसरी बैठक ठरली होती.

"ह्या वेळेला गेले तर मी काय परत यायची नाय," असं म्हणून तिने दोऱ्याला गाठ मारली.

मी लगेच उभी राहिले. म्हटलं, बैठकीला जायचंच नाही. वकील आहे, पोलीस आहेत, कायदा आहे! मंगलने शांतपणे सांगितलं की वकील तर तिने केलाच आहे. पण ती नसताना चौघांनी ठरवलं, तर माहेरचं दार कायमचं बंद होणार. तिला तिथे जाऊन, सगळ्यांच्या समोर, नाही म्हणायचं होतं. एवढंच तिला आमच्याकडून शिकायचं होतं.

*

मग आमच्या तालमी सुरू झाल्या. सुनंदाताई सासरा झाली, गांगुर्डे बाई गावातल्या जाणत्या झाल्या. कमलताई नवरा झाली आणि काजळाने मिशी काढून इतकी हुबेहूब बसली, की आम्ही आधी हसलो आणि मग हसायचं थांबलो.

मंगलचं काम एकच. दारातून बाहेर यायचं आणि म्हणायचं, मला जायचं नाही. विहाराच्या मागच्या खोलीचं दार आम्ही तिच्या घराचं दार मानलं.

पहिल्यांदा आतून काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. कमलताई मिशी पिळत म्हणाली, "मांजर शिरलंय का हो आत?" मंगल दाराआड हसली, तेवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

पुढच्या शनिवारी ती बाहेर आली, पण आमच्याकडे पाठ करून. तशीच उभी राहून तिने भिंतीला ठणकावून सांगितलं की मला जायचं नाही. मी कपाळाला हात लावणार होते. गांगुर्डे बाई मात्र खुर्चीतून उठल्या, भिंत आणि मंगल यांच्यामधे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हां. आता परत सांग."

*

बैठकीला आम्ही तिघी मंगलबरोबर गेलो, एसटीने. मी, सुनंदाताई आणि कमलताई. चिऊ गांगुर्डे बाईंकडे राहिली. सटाणा येईपर्यंत मंगलचा चेहरा पांढरा पडला होता. कमलताईने सीटवरच सुरू केलं. नाकाने घे, तोंडाने सोड, खांदे वर, खांदे खाली. आम्हीही केलं. थोड्या वेळाने पुढच्या सीटवरच्या दोघी बायकाही खांदे वर-खाली करायला लागल्या. कंडक्टर तिकिटांची मशीन धरून बघतच राहिला.

मागच्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, कशाचं शिबिर आहे?

"भांडणाचं," कमलताई म्हणाली. "तुम्ही पण घ्या श्वास."

त्यांनी घेतला.

*

आता शेवटचा. हा मी नेहमी शेवटीच सांगते.

मंगलचं माहेर गावाच्या कडेला, पुढे अंगण. अंगणात खाट आणि खुर्च्या टाकलेल्या. सासरा, नवरा, मंगलचे वडील आणि गावातले चौघे तिथे बसले. आम्हाला आत स्वयंपाकघरात पाठवलं. तिथे मंगलची आई चुलीपाशी होती. तिने आम्हाला पाणी दिलं. मंगल सांगायची, आई कधीच काही बोलत नाही. मागच्या दोन्ही वेळेला मंगलची पिशवी मात्र तिनेच भरून दिली होती.

त्यांच्याकडे एक रीत आहे, ती मंगलने आम्हाला बसमधे सांगितली होती. बोलणी झाली की घरातून चहा येतो. सगळ्यांनी चहा घेतला की प्रकरण मिटलं. त्यानंतर ते कोणी उकरून काढायचं नाही.

बाहेर बोलणी चालली. झालं गेलं विसरा, पोरीच्या जातीने सांभाळून घ्यावं, मुलगा आता पीत नाही, वगैरे. मंगलचे वडील मान खाली घालून म्हणाले, घेऊन जा.

मंगल उठली. उंबरा ओलांडून थेट खुर्च्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. तोंड त्यांच्याकडे, बोली घरची अहिराणी. आवाज कापत होता, पण आम्हाला आतपर्यंत ऐकू आला.

"माले जानं नई."

मग चौघांतले सगळ्यात वयस्कर होते ते हसले, पोरगी आहे, बोलतेच, असं काहीसं म्हणाले, आणि मंगल जणू तिथे उभीच नाही अशा थाटात वडिलांना खूण केली. वडिलांनी आत हाक मारली, चहा आण.

मंगल तिथेच उभी होती. सुनंदाताईने माझा हात घट्ट धरला.

चहा गेला नाही. वडिलांनी पुन्हा हाक मारली.

मंगलची आई चुलीपासून उठली. पदर डोक्यावर घेतला, दाराबाहेर गेली आणि मंगलच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"घरमा दूध नई शे," ती म्हणाली.

अंगणातच गोठा. गोठ्यात दोन दुभत्या म्हशी. सगळ्यांनी म्हशींकडे बघितलं. म्हशींनी सगळ्यांकडे बघितलं.

त्या वयस्कर माणसाने घसा खाकरला. म्हणाला, कोराही चालेल.

"साखर बी नई शे," मंगलची आई म्हणाली.