इस्त्रीची पँट
कोपरखैरण्यात आमच्या खोलीखाली इस्त्रीवाला बसतो. गरम कापडावर पाणी शिंपडलं की तो वास वर येतो आणि मला पेन्शनची रांग आठवते. महाप्याच्या कंपनीतलं काम सुटलं त्या वर्षी मी अपंगांच्या पेन्शनचा अर्ज केला होता. सरकारी कचेरीत नीटनेटकं जावं, असं आई गावाकडं सांगायची. म्हणून खोलीतल्या मित्राची पँट कडक इस्त्री करून घातली. खिडकीतल्या कारकुनानं कागदांच्या आधी पँट बघितली. "या हिरो! गरीब म्हणून आलास होय?" मी म्हणालो, "साहेब, पँट मित्राची आहे." "उद्या पाय पण मित्राचा म्हणशील!" सगळी रांग हसली. त्यानं अर्ज बाहेर सरकवला. "उत्पन्नाचा दाखला खोटा, पायाचाही खोटाच असणार. योजनेत बसत नाहीस. चल, पुढचा." मी सातवीत शाळा सोडलेला, साहेब म्हणतो ते खरं मानून मागं सरलो. मागची कुबडीवाली बाई कडाडली, "दात काय काढताय? पोरा, पँट वर कर. बघू दे त्याला." पोलिओनं वाळलेला पाय मी भर रांगेत गुडघ्यापर्यंत उघडा केला. कारकुनानं मान फिरवली आणि गुपचूप अर्ज आत ओढला. त्या बाईचे उपकार फिटायचे नाहीत, पण तिचा चेहरा काही आठवत नाही, मी खालीच बघत होतो. पेन्शन चालू आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला त्याच खिडकीवर जातो, आणि जायच्या आदल्या दिवशी धुतलेली पँट हातानं चुरगाळून ठेवतो.