पाचवी चौकट

महादूच्या पोरीचं कौतुक खर्डीजवळच्या त्या गावात सगळ्यांना होतं, पण ती नेमकं करते काय, ते कुणाला धड सांगता यायचं नाही. कुणी म्हणे मासळी खात्यात आहे, कुणी म्हणे मोती काढते. प्रियांका सुरुवातीला समजावायची की मी लक्षद्वीपच्या उथळ समुद्रात बुडी मारून प्रवाळ मोजते, ती दिसतात दगडासारखी पण जिवंत असतात. आताशा ती नुसती मान डोलवायची. मोती तर मोती.

समुद्राच्या तळाशी लोखंडी खिळे ठोकून आखलेल्या सहा चौकटी, हा तिचा संसार. दरवर्षी त्याच चौकटींचे फोटो काढायचे आणि घरी बसून कुठल्या जातीचं प्रवाळ किती, ते नोंदवायचं. नऊ वर्षं हेच. यंदा उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की प्रवाळं पांढरीफटक पडली, आणि पाचव्या चौकटीत एकही जगलं नाही. ती गावी आली ती पार दमून. अंग दुखत होतंच, पण जीवच विटला होता. लॅपटॉप उघडायची, पाचवा फोटो आला की मिटायची.

एका सकाळी तिच्या प्रकल्पाच्या सरांचा फोन आला. "पाचवी सोडून दे. शेजारचा तुकडा छान आहे, चौकट तिकडे हलवू. मेलेलं मोजायला पैसे कोण देतं?"

"बरं सर," ती म्हणाली. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंच वाटलं.

त्याच दिवशी महादूच्या शेतात पीक कापणी प्रयोग होता. सरकार गावातली काही शेतं चिठ्ठीनं निवडतं, शेतात चौकट आखून तेवढंच भात कापतं, झोडतं, तोलतं, आणि त्यावरून साऱ्या गावाचं पीक ठरवतं. चौकट कुठं पडेल तेही चिठ्ठीत निघेल त्या आकड्यावरच ठरतं. ती पडली नेमकी खालच्या कोपऱ्यात, जिथं परतीच्या पावसानं भात आडवं करून कुजवलं होतं. बाकीचं खाचर लोंब्यांनी वाकलेलं.

महादूचं तोंड उतरलं. "साहेब, जरा वर सरकवा ना. चार लोकं बघतात. म्हनतील, महादूच्या शेतात एवढंच भात?"

कृषी खात्याच्या साहेबाला अजून दोन गावं करायची होती. त्यानं खुंटी उपटलीसुद्धा. सुतळीचं दुसरं टोक प्रियांकाच्या हातात होतं.

"जिथं पडली तिथंच ऱ्हाऊ द्या!" ती ओरडली आणि स्वतःच दचकली.

"काय गो, बापाची लाज काढतेस?"

"बाबा, चांगलं बघून चौकट टाकायची, तर मोजायचंच कशाला?"

महादूनं खाली बसून स्वतःच ते कुजकं भात कापलं, गोजाबाईनं, प्रियांकाच्या आईनं, ते झोडलं. काट्यावर पडलं ते इतकं थोडं, की बांधावर उभी असलेली शेजारची हौसा पदरात तोंड लपवून हसली. महादूला ते ऐकू गेलं. साहेबाकडे न बघता तो म्हणाला, "लिवा."

प्रियांकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्याला तिनं चारचौघांत खरं सोसायला लावलं होतं, आणि स्वतः मात्र सकाळी निमूट "बरं सर" म्हणून मोकळी झाली होती. बांधावरूनच तिनं फोन लावला.

"सर, पाचवी हलणार नाही."

"मग तुझं ते बेटच निधीच्या यादीतून जाईल, प्रियांका. तुझी नोकरी त्यावरच आहे."

"ठाऊक आहे."

घरी येऊन तिनं फोटो उघडला. महादू मागं येऊन उभा राहिला. तिचं काम तो पहिल्यांदाच बघत होता.

"समदं गेलं?"

"समदं, बाबा."

नियमाप्रमाणे मेलेल्या प्रवाळाला 'मृत' एवढा एक शब्द पुरत होता. पण सांगाड्यांवर शेवाळ अजून पुरतं चढलं नव्हतं. फांद्या, वळ्या, खवले बघून कोण कुठल्या जातीचं ते यंदा ओळखू येत होतं, पुढच्या वर्षी आलं नसतं. तिनं डोळे पुसले आणि एकेकाचं नाव लिहायला घेतलं. त्यातली कितीक मुठीएवढी होती, तेव्हापासून ती त्यांना ओळखत होती.