वहिनी, उचला

आमच्या डोंगरातल्या वाडीचं दूध येडशीच्या डेअरीला न्यायला ह्यांनी जुनी मोटारसायकल घ्यायची ठरवली. कॅन धरून मागं मीच बसणार. कळंबला जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो, तर नुसत्या आवाजावर ह्यांचं मन एका जडशीळ गाडीवर बसलं.

तिथं तितराचा पिंजरा घेऊन एक शिकारी उभा होता. कोण, कुठला, देव जाणे. त्यानं पिंजरा ठेवला, गाडी अलगद आडवी केली आन् मला म्हणाला, "वहिनी, उचला."

"अहो, पाडताय काय?" विकणारा चिडला.

"घाटात आपोआप पडंल की."

मी जोर लावला. गाडी हलंना.

"आता हिच्याखाली दादा हायत, असं समजा."

पदर खोचून पुन्हा लावला. तरी न्हाय.

हे विकणाऱ्याला हळूच म्हणाले, "ती हलकी दाखवा."