पंचावन्न अंशांत टिकणारं रबर

शेडमधले किस्से भंगारासारखे साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण वर्षभरात कोपरा भरतो.

हवामानबदल आणि देशाची सुरक्षा हा विषय मी परदेशात शिकले आणि परत येऊन भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात लागले. आम्ही लष्करी ट्रकांमध्ये पाणी-धूळ शिरू न देणारी रबरी सील बनवतो. पहिल्याच दिवशी मी कळकळीने सांगितलं, ऊन वाढतंय, पूर वाढतायत, लष्कराला छावण्यांपासून गाड्यांपर्यंत सगळं नव्याने आखावं लागणार आहे. आजही मला ते तितकंच पटतं. रबर साच्यात दाबायची प्रेस चालवणारे शिंदेमामा, लातूरकडचे, शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "पटलं ताई. आता आमच्या पंख्याचं बी आखा."

*

नव्या नियमांप्रमाणे ट्रकला आधीपेक्षा खोल पाण्यातून जायचं होतं. मी उत्साहाने आकडा वाचून दाखवला. मामा म्हणाले, "एवढं तर पावसाळ्यात आपल्या गेटवर असतंय. ट्रक इकडंच मागवा की."

*

मोजमापाआधी सील दिवसभर पंचवीस अंशांत ठेवावं लागतं. एसी फक्त मालकांच्या केबिनमध्ये. त्यामुळे सील खुर्चीवर आणि मालक बाहेर स्टुलावर. दुपारी ते फाईल घ्यायला उठले, तर मामांनी दार अडवलं. "थांबा मालक, रबराला गरम होतंय."

*

मग मे महिन्यात तपासणी आली. सील पंचावन्न अंशांत तासभर टिकलं तर ऑर्डर. नाहीतर मामांची प्रेस बंद, हे मालकांनी आधीच सांगून ठेवलेलं. तपासणीस साहेब, निवृत्त फौजी, ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसले. दहाव्या मिनिटाला लाइट गेली.

काटा उतरू लागला. साहेबांनी पेन उघडलं. "नापास लिहावं लागेल."

"पंचावन्नच पायजे ना? वर हाय," मामा म्हणाले. साहेबांचाच थर्मामीटर घेऊन ते पत्र्याखालच्या माळ्यावर चढले. छप्पन्न.

साहेबांनी नियम दोनदा वाचला. ओव्हनच हवा, असं कुठेच नव्हतं. नमुना नजरेआड करायचा नाही, एवढं मात्र स्पष्ट होतं. त्यांनी घड्याळ नव्याने लावलं, सील उचललं आणि शिडी चढले.

तासाने उतरले तेव्हा शर्ट पिळता आला असता. मामांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, पास?"

साहेबांनी आधी तांब्या संपवला.

"सील पास," ते म्हणाले. "माणूस नापास. त्याचा रकाना कुठंय?"