हत्ती कोणासाठी थांबतो?

अकोल्याच्या फिल्म क्लबच्या सेक्रेटरीनं मालतीबाईंना फसवलं. तेही माझ्या सहीनं.

मी अमरावतीत जुन्या फिल्म तपासतो, दुरुस्त करतो. वितरकाच्या गोदामात डबे उचलत हे काम शिकलो. सेक्रेटरी मालतीबाईंची रीळ घेऊन आला. एका गंमतकवितेवरची कार्टून फिल्म. आपली सावली विकायला बाजारात निघालेला हत्ती. बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं पन्नास वर्षांपूर्वी हातानं काढलेली.

"क्लबनं बाईंकडून कॉपी करायला नेली होती. मूळ प्रिंट सुस्थितीत परत, एवढं लिहून द्या."

मी दुप्पट रेट सांगितला. तो लगेच हो म्हणाला. तिथंच मला खटकायला हवं होतं. मी खुशीत टेबलावर रीळ फिरवली, ओरखडे नाहीत हे पाहिलं आणि सही ठोकली.

आठवड्यानं बाई अकोल्याहून डबा घेऊन माझ्या दुकानात आल्या.

"भाऊ, हत्ती थांबते, पण माही पोरगी हासत नाही. कावून?"

फिल्ममधली कविता त्यांच्या सात वर्षांच्या मुलीनं म्हटली होती. मधेच तिला हसू आलं. बापानं तेवढा वेळ हत्तीला थांबवलं. त्याच वर्षी मुलगी गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही.

मी फिल्म लावली. कुण्या दुसऱ्याच पोरीचा स्वच्छ, घोटीव आवाज. बाजाराच्या वेशीवर हत्ती थांबला. वळला. कान उभारून थेट आमच्याकडे बघत राहिला. आवाज नाही. तो वाटच बघत होता. मग खाली मान घालून चालू लागला.

"इथंच तुटली होती, मीच टेप लावून जोडली," बाई म्हणाल्या.

चित्रात जोडाची रेघ दिसत होती. मी फिल्म थांबवून तिथं नख फिरवलं. गुळगुळीत. म्हणजे जोड नव्हता, जोडाचा फोटो होता. ही कॉपी होती.

सेक्रेटरीला फोन लावला. "ओरिजिनल कुठी हाय?"

"तुमच्याच कागदावर लिहिलंय ना, परत केली म्हणून!"

"अन् आवाज कोणाचा भरला रे, चोरा?"

फोन कट.

फिल्म डोळ्यांनी नाही, नखानं तपासावी. तीस वर्षं इतरांना हेच शिकवत आलो. माझं सर्टिफिकेट मी लेखी रद्द केलं आहे. सेक्रेटरीसाहेब, आता तुम्ही सांगा, ती मूळ रीळ कोणाच्या कपाटात आहे? मला नका सांगू. अकोल्यातच राहता ना, बाईंच्या दारात उभे राहून सांगा.